साळवे बाई आणि अकराचं पाणी

साळवे बाईंना कुणी काही विचारलं तर त्या उत्तर द्यायच्या नाहीत. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, जसं होतं तसं सांगते. "बाई, रस्त्यावरचं झाड का तोडलं?" "तोडणाऱ्याला विचार." "बाई, शाळेला कुंपण का नाही?" "ज्यानं घालायचं त्याला विचार." "बाई, मधली सुट्टी कधी होणार?" "शिपाईमामांना विचार, घंटा त्यांच्याकडे असते." आम्ही बाकीच्या शिक्षिका मुलांकडून उत्तरं घोकून घ्यायचो आणि त्याबद्दल पगार घ्यायचो. ही बाई पोरांना दारोदार पाठवायची आणि तिलाही तेवढाच पगार मिळायचा, याचं मला सुरुवातीला फार नवल वाटायचं.

दोन हजार सालाच्या आगेमागची ही गोष्ट. वारजे तेव्हा नुकतंच पुण्यात आलं होतं. म्हणजे गाव होतं तिथंच होतं, पुणं त्याच्या अंगावर आलं होतं. आमची शाळा जिल्हा परिषदेची होती ती महापालिकेची झाली. दारावरची पाटी तेवढी रंगवून मिळाली. छप्पर गळायचं ते गळतच राहिलं, फक्त आता त्याची तक्रार कुठल्या कचेरीत करायची ते कुणाला ठाऊक नव्हतं. काल जिथे मेथी-कोथिंबिरीची वावरं होती तिथे आज सोसायट्या उठत होत्या. संगणकाच्या कंपन्यांत नोकरीला लागलेली तरुण जोडपी तिथे राहायला येत होती आणि सकाळी गळ्यात ओळखपत्र अडकवून कंपनीच्या बसची वाट बघत होती. त्या इमारती बांधायला जी माणसं लांबून आली, ती टेकडीखाली पत्र्याच्या खोल्यांत राहायची. आमच्या शाळेत मुलं यायची ती जुन्या गावातली आणि या वस्तीतली. सोसायटीतली मुलं पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत जायची आणि आमच्याकडे काचेतून बघायची.

शकुंतला साळवे उंच, सावळ्या आणि चालताना जरा पुढे झुकलेल्या होत्या. साडी कायम सुती आणि खळ घातलेली. मनगटावर पुरुषी मोठं घड्याळ, ते त्यांच्या वडिलांचं होतं. खडूचे उरलेले तुकडे रुमालात बांधून त्या कमरेला खोचायच्या. "अर्धा खडू फेकायला आपण काय जहागीरदार आहोत का?" असं वर म्हणायच्या. गाणं मात्र त्यांना अजिबात येत नसे आणि याची त्यांना गंधवार्ताही नव्हती. प्रार्थनेला त्या मोठ्यानं गायच्या आणि त्यांच्यामागे उभी असलेली अख्खी चौथी इमानानं बेसूर व्हायची. माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता. दोन्ही वर्गांच्या मध्ये नुसता पत्रा होता, त्यामुळे त्यांचा वर्ग मी इतकी वर्षं ऐकला की परीक्षेला बसले असते तर पहिली आले असते.

जीभ तिखट होती. एकदा शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी म्हणालं, "साळवे बाईंना काय, जिथे तिथे प्रश्नच दिसतात." बाई बशीतला चहा फुंकत शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला कुठेच दिसत नाहीत ना, मग तुमच्या वाटणीचेही मलाच बघावे लागतात." त्या दिवशी कुणी दुसरा चहा मागवला नाही. मी मूळची सदाशिव पेठेतली, तेव्हा असल्या बोलण्याचा आपल्याकडेच ठेका आहे अशी माझी समजूत होती. ती साळवे बाईंनी मोडली आणि मला त्या तेव्हापासून आवडायला लागल्या.

शनिवारी शाळा सकाळची असायची. अकराला सुटली की साळवे बाई चौथीला घेऊन फेरीला निघायच्या. याला कुणी समाजसेवा म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "हा परिसर अभ्यास आहे. पुस्तकात परिसर छापलाय, पण तो राहतो दाराबाहेर," असं त्या म्हणायच्या. फेरीचे नियम मुलांना तोंडपाठ होते. कुणाला काही द्यायचं नाही. कुणाला काही शिकवायचं नाही. नुसतं विचारायचं, तेही अहो-जाहो करून. एकदा एक सद्गृहस्थ वस्तीत वाटायला म्हणून बिस्किटांचे पुडे घेऊन शाळेत आले. फेरीत मुलांच्या हातून ते वाटावेत आणि सोबत फोटो काढावा, एवढीच त्यांची माफक इच्छा होती. बाईंनी त्यांना विचारलं, "वस्तीतल्या लोकांनी बिस्किटं मागितली आहेत का?" ते म्हणाले, "नाही, पण गरीब आहेत हो ते." बाई म्हणाल्या, "मग त्यांना विचारून या. चहात बुडवायची हवीत की क्रीमची, तेही विचारा." गृहस्थ पुन्हा दिसले नाहीत.

शाळेच्या समोरच्या टपरीचा किस्सा तर वारज्यात बरेच दिवस चालला. टपरीवाला शाळेतल्या मुलांनाही गुटख्याच्या पुड्या विकायचा. मुख्याध्यापकांनी दोनदा दम दिला, पण पालथ्या घड्यावर पाणी. मग चौथीतली मुलं मधल्या सुट्टीत जाऊन त्याच्यासमोर ओळीनं उभी राहायला लागली. आळीपाळीनं एकेक जण पुढे व्हायचा आणि हात जोडून विचारायचा, "काका, हे तुम्ही तुमच्या मुलाला देता का?" बस्स, एवढंच. रोज. शेवटी टपरीवाला शाळेत आला आणि माझ्यासमोरच साळवे बाईंना म्हणाला, "बाई, पोरं आवरा तुमची. शिव्या दिल्या असत्या तर मी पाहून घेतलं असतं. ही अहो काका म्हनत्यात. गिऱ्हाइकं हसाया लागलीत." बाईंनी त्याला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "पण तुम्ही त्यांना उत्तर काय दिलंत?" त्यानं पुड्यांच्या माळा उतरवल्या आणि श्रीखंडाच्या गोळ्यांची बरणी ठेवली. पोरांच्या दातांचं वाटोळं झालं, पण तो वेगळा प्रश्न.

छाया जाधव त्याच वर्षी चौथीत होती. नऊ वर्षांची, काडीसारखी बारीक पोर. आई कमल सोसायटीत धुणी-भांडी करायची, बाप गवंड्याच्या हाताखाली. छायाचं गणित इतकं पक्कं होतं की पत्र्यापलीकडून तिचं उत्तर ऐकून मी माझ्या फळ्यावरची चूक सुधारलेली आहे. पण ती रोज उशिरा यायची. प्रार्थना झालेली, हजेरी झालेली, पहिला तास संपत आलेला, आणि मग ही ओल्या परकरानं दारात उभी. वस्तीतल्या बाकीच्या मुलींचंही तेच. बाईंनी कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली, "अकराला पाणी येतं बाई नळाला. आई कामावर असती. मी नाय भरलं तर कोन भरनार?"

वर्गात निलेश नावाचा एक मुलगा होता. जुन्या गावातला, शेतकऱ्याच्या घरातला, आणि तोंडाचा पट्टा अखंड सुरू. तो उठून म्हणाला, "बाई, शाळा बी अकराला आन् पाणी बी अकराला, हे ठरवलं कुणी?"

"ठरवणाऱ्याला विचार," साळवे बाई म्हणाल्या.

मग पुढचे काही शनिवार चौथीचा तोच उद्योग झाला. मुलं पाण्याची चावी सोडणाऱ्या माणसाला भेटली. तो म्हणाला, मला काय विचारता, साहेब सांगतात तशी मी चावी फिरवतो. मुलांनी वस्तीच्या नळावर जाऊन विचारलं, पाणी कधी आलं तर बरं पडेल. नळावर मुली होत्या, दोन-चार म्हातारे होते. सगळे म्हणाले, सकाळी सातला येऊ द्या, म्हणजे भरून शाळेत जाता येईल. मग मुलं महापालिकेच्या कचेरीत गेली. बाई बरोबर होत्या, पण साहेबांच्या खोलीत त्या गेल्या नाहीत. त्या कधीच जायच्या नाहीत, दाराबाहेर बाकावर बसायच्या. साहेब तरुण होते, हौशी होते. एवढी पोरं रांगेत उभी राहून "साहेब, शाळा अकराला भरते हो," असं सांगतायत म्हटल्यावर ते विरघळले. सोमवारपासून वस्तीला सातचं पाणी सुरू झालं.

वर्तमानपत्रात मुलांचा फोटो आला. मुख्याध्यापक कुदळे सरांनी पेढे वाटले. कुदळे सर स्वभावानं वाईट नव्हते. 'वरून विचारणा होईल' या एका भीतीवर त्यांनी सगळी नोकरी काढली होती, आणि वरून पहिल्यांदाच शाबासकी आली होती. छाया आणि बाकीच्या मुली प्रार्थनेला वेळेवर उभ्या राहायला लागल्या. बेसूर गाणाऱ्यांची संख्या वाढली. साळवे बाई त्या आठवड्यात इतक्या आनंदात होत्या की त्यांनी निलेशला दिवसभर बोलू दिलं.

पंधरा-वीस दिवसांनी छाया यायची बंद झाली. आधी वाटलं आजारी असेल. मग अजून दोघी-तिघी अधूनमधून दिसेनाशा झाल्या. बाईंनी वस्तीतल्या एका मुलीला विचारलं तर ती सहज म्हणाली, "छाया कामाला जाती बाई. त्या गुलाबी बिल्डिंगीत."

संध्याकाळी बाई मला म्हणाल्या, "लिमये बाई, येता का जरा?" मी गेले. सोसायटीच्या रखवालदाराला विचारून आम्ही दुसऱ्या मजल्यावर चढलो, घंटी वाजवली. दार छायानं उघडलं. कडेवर गुबगुबीत बाळ होतं, तिच्या निम्म्या वजनाचं तरी असेल. बाईंना बघून तिचा चेहरा क्षणभर उजळला, आणि लगेच ती म्हणाली, "बाई, चपला बाहेर काढा." ते तिला तिथे शिकवलं असणार. मग घाबरून म्हणाली, "मॅडम सात वाजता येत्यात." साळवे बाईंनी चपला काढल्या, पण त्या आत गेल्या नाहीत. उंबऱ्याबाहेर अनवाणी उभ्या राहून त्यांनी विचारलं, "जेवलीस का?" छायानं मान हलवली. "बरं," म्हणून बाई वळल्या. जिना उतरून रस्त्यावर येईपर्यंत त्यांच्या हातात चपला तशाच होत्या. मी सांगितल्यावर त्यांनी त्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या वेळेत, दुपारी दोन वाजता, त्यांनी अख्खी चौथी बाहेर काढली. कुदळे सर फाटकापर्यंत धावत आले. "साळवे बाई, आज शनिवार नाही. शाळेच्या वेळेत मुलं बाहेर नेता येत नाहीत. वरून विचारणा झाली तर मी काय सांगू?" बाई म्हणाल्या, "बाईंना विचारा म्हणून सांगा." मला राहवेना. माझी तिसरी मी शेजारच्या दुसरीत कोंबली आणि त्यांच्यामागे गेले.

दोन वाजता वस्तीत बायका असतात, हे मला तेव्हा कळलं. सकाळची कामं उरकून आलेल्या, दारात बसून भाकरी खात होत्या. शनिवारी अकराच्या सुमाराला मुलं यायची तेव्हा यांतली एकही घरी नसायची. छायाची आई कमल उठून उभी राहिली. तिनं बाईंना बसा म्हटलं नाही.

"आता काय इचारायला आला?" ती म्हणाली. "पानी बदलायच्या आधी इचारलं का कुनी आमाला? सातला पानी येतं आन् सातलाच माझं काम आसतं. त्या मॅडमची बस साडेसातला हाय. सकाळी नळावर बाप्ये बी आसत्यात, भांडनं व्हत्यात, तिथं पोरगी धक्क्याला टिकत न्हाई. मंग मी उभी ऱ्हायले पान्याला आन् पोरीला धाडली कामाला. मॅडमनी पोरगी बघितली, म्हनल्या हुशार हाय, दिवसभर बाळापाशी ऱ्हाऊ द्या. आधी निदान दुपारपासनं तरी साळा व्हती तिला. आता तुमीच सांगा बाई, माझं काय चुकलं?"

आजवर फेरीत मुलंच बोलायची. त्या दिवशी साळवे बाई पुढे झाल्या.

"तुमचं काही चुकलं नाही, ताई," त्या म्हणाल्या. "माझं चुकलं. मी तुम्हाला विचारलंच नाही." मग त्या मुलांकडे वळल्या. "ऐकलंत सगळ्यांनी? आपल्याला नळावर जी माणसं भेटली त्यांना आपण विचारलं. जी कामावर होती ती राहिली. तुम्ही लहान आहात, मी लहान नाही. ही चूक बाईंची आहे." आणि परत कमलकडे बघून त्यांनी हात जोडले. "आता विचारते. पाणी कधी हवं?"

कमलनं बाकीच्या बायकांकडे पाहिलं. "आत्ता," ती म्हणाली. "दोन ते चार आमी समद्या घरी आसतो. आमचं पानी आमी भरू."

परत येताना बाई माझ्याशी एकदाच बोलल्या. त्यांची आई इंदापूरकडच्या गावातली. तिला विहिरीवर चढायची मुभा नव्हती. रिकामी घागर घेऊन ती लांब उभी राहायची, कुणी वरून पाणी वाढेल याची वाट बघत. "पुढे आम्ही दीक्षा घेतली, वडील खडकीच्या कारखान्यात लागले, घरात नळ आला. तरी आई नळासमोर जरा लांबच उभी राहायची," बाई म्हणाल्या. "पाण्यापायी कुणाचं काही अडलेलं मला बघवत नाही हो. आणि माझ्याच हातून त्या पोरीचं अडलं." मी नुसता त्यांचा हात धरला.

कचेरीतले साहेब या वेळी विरघळले नाहीत. पेपरात फोटो येऊन गेला होता. "आता परत बदला म्हणता? दोनला त्या सोसायटीची टाकी भरते. त्यांची हरकत नसेल तर अदलाबदल करतो, सातचं त्यांना, दोनचं तुम्हाला. पण ती माणसं ऐकायची नाहीत," असं म्हणून त्यांनी फाइल मिटली.

सोसायटीची सभा रविवारी सकाळी वाहनतळात भरली. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर सभासद, समोर फरशीवर मांडी घालून चौथी. साळवे बाई खांबाला टेकून मागे उभ्या होत्या. अध्यक्ष निवृत्त अधिकारी होते. सेक्रेटरी तरुण, हातात अँटेनावाला मोबाइल घेतलेले. ते म्हणाले, "हे बघा मुलांनो, आम्हाला तुमचं कौतुक आहे. पण आमचं वॉटर टायमिंग बदललं तर सगळं शेड्यूल डिस्टर्ब होईल. इथे वर्किंग लोक राहतात." अध्यक्षांनी मान डोलावली.

निलेश उभा राहिला. "काका, ही बिल्डिंग हाय ना, हे आमच्या आज्याचं वावर. इथं गवार व्हायची." लोक हसले. तो थांबला नाही. "तर काका, तुमच्याकडं पाणी किती वाजता येतं?"

"म्हणजे? चोवीस तास येतं."

"तसं न्हाई. टाकीत किती वाजता येतं?"

सेक्रेटरींनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी खजिनदारांकडे पाहिलं. खजिनदार म्हणाले, पहाटे बहुतेक. एक बाई म्हणाल्या, नाही हो, रात्री. मागून रखवालदार म्हणाला, "दोनला येतं साहेब दुपारी. मीच तर व्हॉल्व सोडतो." तो हसू दाबत होता.

"मग बदललेलं तुम्हाला कळनार बी न्हाई काका," निलेश म्हणाला. तो हे अगदी मनापासून, त्यांची काळजी मिटवायची म्हणून सांगत होता. सभेत हशा पिकला, पण अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "बरोबर आहे मुलाचं. लिहा, हरकत नाही."

छायाच्या मॅडम त्या सभेत होत्या. छाया वर बाळापाशी होती. सभा संपल्यावर त्या बाईंजवळ आल्या. पंचविशी-सव्विशीच्या, डोळ्यांखाली काळं, झोप झालेली नसावी. म्हणाल्या, "तुम्ही छायाच्या टीचर ना? मला वाटलं ती बारा-तेरा वर्षांची असेल. शाळा सोडलेली. मला कुणी सांगितलंच नाही."

"तुम्ही विचारलं नाहीत," साळवे बाई म्हणाल्या. नेहमीचा तिखटपणा त्यात अजिबात नव्हता. "मीही विचारलं नव्हतं. आपलं दोघींचं सारखंच झालं."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "मला थोडे दिवस द्या. पाळणाघर शोधते. तिला एकदम सोडलं तर माझी नोकरी जाईल."

"छायाला विचारून ठेवा, ती परत येणार आहे का," बाई म्हणाल्या. "मी वाट बघते."

पण वाट बघायला त्यांना त्या शाळेत ठेवलं नाही. दोनचं पाणी सुरू झालं, वस्तीतल्या बाकीच्या मुली हळूहळू परतल्या, आणि त्याच सुमाराला साळवे बाईंच्या बदलीचा हुकूम आला. शाळेच्या वेळेत मुलं बाहेर नेली, कचेरीत नेली, खासगी सभेत नेली, असं कुणीतरी वर कळवलं होतं. कुणी, ते मला माहीत नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला, हडपसरच्याही पुढे, जिथे महापालिकेची हद्द संपून मांजरीचा ऊस सुरू होतो, तिथल्या शाळेत त्यांना धाडलं. निरोपाला कुदळे सरांनी शाल दिली आणि त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. बाईंनी भाषण केलं नाही. चौथी माझ्या तिसरीला जोडली होती. जाताना मला एवढंच म्हणाल्या, "छायाचं नाव कमी करू नका."

दिवस जात राहिले. फार दिवस गैरहजर असलेल्या मुलाचं नाव कमी करायचा नियम होता. कुदळे सर दर आठवड्याला हळूच आठवण करायचे आणि मी दर आठवड्याला म्हणायचे, "साळवे बाईंना विचारा." निलेश रोज छायाच्या जागेवर आपलं दप्तर ठेवायचा, तिथे दुसऱ्या कुणी बसू नये म्हणून. मला मनातून वाटत होतं, नाही यायची ती आता. पगार सुरू झाला की पोरी परतत नाहीत, हे नोकरीत पुष्कळदा पाहिलेलं होतं. साळवे बाईंना फोन करून काय सांगायचं हा प्रश्न होता, म्हणून मी केलाच नाही.

एका शुक्रवारी प्रार्थना चालू होती. फाटकातून कमल येताना दिसली, तिच्यामागे छाया. अंगावर मॅडमनी घेतलेला नवा गणवेश, केसांना करकचून तेल. कमलनं प्रार्थना संपायची वाट पाहिली. मग माझ्यापाशी येऊन म्हणाली, "पाळनाघर लागलं बाळाला. हिला रोज रातच्याला इचारत व्हते, जाती का साळंला. हो म्हनायची. आन् त्या बाई कुठं हायत?"

रात्रभर मला झोप लागली नाही. शनिवारी सकाळी मी रजा टाकली, बसनं स्वारगेट गाठलं, तिथून हडपसर, आणि पुढे मिळेल त्या टेम्पोतून शेवटचा टप्पा. शाळेत बाई नव्हत्या. शिपाई म्हणाला, पोरं घेऊन गेल्यात उसाकडं. मी बांधावरून चालत गेले. ऊसतोडणी चालू होती. तोडकऱ्यांच्या पालांपाशी साळवे बाई नव्या पोरांना घेऊन उभ्या होत्या. एक छोटी मुलगी पालातल्या बाईला काहीतरी विचारत होती आणि साळवे बाई चार हात मागे, साडीला चिखल लागलेला, ऐकत होत्या.

मी लांबूनच ओरडले, "बाई, छाया आली. काल आली. कमल स्वतः घेऊन आली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मनगटावरचं ते मोठं घड्याळ बघून म्हणाल्या, "लिमये बाई, आज शनिवार. सकाळची शाळा होती. ती पोर इतक्या दिवसांनी वर्गात आली, आणि तुम्ही तिला सोडून इथे काय करताय?"

मी हसायला लागले. त्या हसल्या नाहीत. "जा," म्हणाल्या, "पुढची बस धरा," आणि मुलांकडे वळल्या. मी वळून चार पावलं गेले आणि मागे पाहिलं. पोरं विचारत होती, तोडकरीण उत्तर देत होती, आणि साळवे बाई त्यांच्याकडे पाठ करून उसाकडे तोंड करून उभ्या होत्या. पदराचं टोक तोंडात धरलेलं होतं आणि खांदे हलत होते. एका पोरानं त्यांचा हात ओढून विचारलं, "बाई, काय झालं?" आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना एका मुलाच्या प्रश्नाला सरळ उत्तर देताना ऐकलं. "अरे, माझी एक मुलगी शाळेत आली."